पत्त्यांच्या कारखान्यातल्या मेकॅनिकनं मारिओ खिशात बसवला, गेमबॉयवाल्या गुनपेई योकोईची गोष्ट

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना मारिओ कोण हे सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईपासून राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरासारख्या गावापर्यंत, ज्या घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम यायचा त्या घरात गल्लीतली पोरं जमायची. कॅसेट फुंकून लावायची आणि रिमोट आधी कुणाला यावरून भांडणं व्हायची. त्या रिमोटवर डाव्या हाताला अधिकच्या चिन्हासारखं एक बटण असायचं. मारिओला पळवायचं ते त्याच बटणानं.

ते बटण ज्याच्या डोक्यातून आलं त्याचं नाव गुनपेई योकोई.

मारिओचा जन्मदाता म्हणून शिगेरू मियामोतोचं नाव घेतलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण मारिओला टीव्हीतून बाहेर काढून खिशात नेऊन बसवला तो योकोईनं. तेही महागडं मशीन बनवून नाही, तर बाजारात जुन्या आणि स्वस्त झालेल्या सामानातून.

योकोईचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. क्योतोच्याच दोशिशा विद्यापीठात त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि १९६५ साली तो निनटेंडोत कामाला लागला.

आता निनटेंडो म्हटल्यावर डोळ्यांसमोर व्हिडिओ गेम येतात. पण तेव्हा ही कंपनी पत्ते बनवायची. हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते, १८८९ पासूनचा धंदा. योकोईचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या मशीन नीट चालतायत का ते बघायचं. मशीन चालू असल्या की त्याला काही काम नसायचं.

मग हा गडी रिकाम्या वेळेत स्वतःपुरती खेळणी बनवायचा. एकदा त्यानं कात्रीसारखा लांब होणारा, टोकाशी वस्तू पकडणारा हात बनवला. नेमके त्याच वेळी कंपनीचे मालक हिरोशी यामाउची कारखान्यात आले आणि त्यांची नजर त्या हातावर पडली. त्यांनी योकोईला केबिनमध्ये बोलावलं. कामाच्या वेळेत खेळत बसलो म्हणून आता झापणार, असं त्याला वाटलं. पण यामाउचींनी सांगितलं, हे खेळणं विकायला काढ.

१९६६ साली ते 'अल्ट्रा हँड' नावानं बाजारात आलं आणि १० लाखांहून जास्त विकलं गेलं. मशीन दुरुस्त करणारा माणूस आता कंपनीची खेळणी बनवू लागला.

पुढं १९६९ साली त्यानं 'लव्ह टेस्टर' काढला. पोरगा आणि पोरगी एकमेकांचा हात धरणार, मोकळ्या हातात यंत्राची एकेक मूठ घेणार आणि काटा हलून प्रेम किती ते सांगणार. आत होतं काय? अंगातून किती वीज वाहते ते मोजणारं साधं मीटर. वीज मोजायचं जुनं यंत्र त्यानं हात धरायच्या बहाण्यासाठी वापरलं.

हेच योकोईचं सूत्र होतं. नवीन तंत्रज्ञान महाग असतं आणि त्यातल्या खोड्या कुणालाच माहीत नसतात. जुनं तंत्रज्ञान लोणच्यासारखं मुरलेलं असतं. ते स्वस्त असतं, कारखान्यांच्या हाताला बसलेलं असतं आणि सहसा बिघडत नाही. फक्त ते ज्या कामासाठी बनलंय ते काम सोडून दुसऱ्याच कामाला लावायचं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घडलं ते रेल्वेत. योकोई बुलेट ट्रेननं चालला होता. समोर एक नोकरदार माणूस कंटाळा घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. ते बघून त्याच्या डोक्यात आलं, की वेळ घालवायला खिशात मावणारं, बाजूच्याला कळणार नाही असं छोटं खेळणं काढलं तर?

त्या काळात शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून जोरदार स्पर्धा होती, त्यामुळं एलसीडी स्क्रीन स्वस्त झाल्या होत्या. निनटेंडोनं शार्पची मदत घेतली आणि एप्रिल १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आलं. एका मशीनमध्ये एकच गेम आणि सोबत घड्याळ. या मालिकेची ४ कोटींहून जास्त मशीन विकली गेली.

१९८२ मध्ये 'डाँकी काँग' हा गेम याच छोट्या मशीनवर आणायचं ठरलं, तेव्हा अडचण आली. दुकानातल्या मोठ्या मशीनला असते तशी उभी दांडी खिशातल्या खेळण्याला लावणार कशी? योकोईनं दांडी काढून टाकली आणि अधिकच्या आकाराचं सपाट बटण दिलं. अंगठा न उचलता चारही दिशा. पुढच्याच वर्षी निनटेंडोच्या टीव्हीवरच्या मशीनला तेच बटण लागलं. आपल्याकडं घरोघरी आलेले व्हिडिओ गेम हे त्याच मशीनच्या नकला, म्हणून ते बटण आपल्यापर्यंत पोहोचलं.

मग आला गेमबॉय. २१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये विक्रीला आला, किंमत १२,५०० येन. योकोईच्या विभागानं बनवलेलं हे मशीन कागदावर अगदीच साधं होतं. रंग नाहीत, हिरवट पडदा, त्यावर फक्त चार छटा. पडद्यामागं लाइट नाही, म्हणजे अंधारात खेळायचं तर दिव्याखाली बसा. चित्र जोरात सरकलं की धूसर व्हायचं.

असल्या पडद्यावर मारिओ पळवायचा होता आणि खरी कसोटी तिथंच होती. कारण मारिओ म्हणजे निळं आभाळ, हिरवे पाइप, लाल टोपी आणि जोरात पळापळ. यातलं काहीच गेमबॉयला झेपणारं नव्हतं. शिवाय हा गेम मियामोतोनं बनवला नव्हता. योकोई निर्माता आणि सातोरू ओकादा दिग्दर्शक, म्हणजे कंपनीचा सगळ्यात लाडका हिरो दुसऱ्याच टीमच्या हातात.

या टीमनं टीव्हीवरच्या मारिओची नक्कल करायचा हट्ट धरला नाही. मारिओ चिमुकला केला आणि मागचं चित्र मोकळं ठेवलं, म्हणजे धूसर पडद्यावरही कुठं उडी मारायची ते कळेल. चार जगं आणि १२ टप्पे, सराव असेल तर तासाभरात गेम संपतो. राजकन्या पीचच्या जागी डेझी नावाची नवी राजकन्या आली. मारिओ इजिप्तच्या पिरॅमिडसारख्या जगात फिरतो, पाणबुडी चालवतो आणि शेवटी विमानातून लढतो. कासवावर उडी मारून त्याची कवटी ढकलायला जावं, तर ती बॉम्बसारखी फुटते.

हाच तो 'सुपर मारिओ लँड'. गेमबॉयसोबत पहिल्याच दिवशी बाजारात आला आणि पुढं १ कोटी ८० लाखांहून जास्त विकला गेला.

आता तुम्ही म्हणाल, समोर स्पर्धा नव्हती का? होती आणि तगडी होती. अटारीचं लिंक्स १९८९ लाच आलं आणि सेगाचं गेम गिअर १९९० ला. दोन्हींना रंगीत पडदा, मागं लाइट. पण गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत झोपायचे. गेमबॉय चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. किंमत कमी, हातातून पडला तरी चालू. पोरांना रंग हवे होतेच, पण सेलचे पैसे देणारे आईबाप होते. गेमबॉय आणि नंतर आलेला गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले.

पण हेच सूत्र एकदा उलटलं. १९९५ मध्ये योकोईच्या टीमनं 'व्हर्च्युअल बॉय' आणला. स्टँडवर ठेवलेल्या चष्म्यासारख्या यंत्रात डोळे घालून खोलीचा आभास देणारे गेम बघायचे. खर्च वाचवायला फक्त लाल रंगाचे एलईडी वापरले. काळ्यावर लाल चित्र बघून लोकांची डोकी दुखायला लागली. मशीन ८ लाखही विकलं गेलं नाही आणि वर्षभरात गुंडाळावं लागलं. गेमबॉयमध्ये जी काटकसर खेळणाऱ्याच्या फायद्याची ठरली होती, तीच इथं त्याच्या डोळ्यांवर आली.

ऑगस्ट १९९६ मध्ये योकोईनं ३१ वर्षांची नोकरी सोडली. व्हर्च्युअल बॉय पडला म्हणून गेला, अशी चर्चा झाली. त्यानं मात्र ती नाकारली, स्वतःचं काही करायचं आधीपासून मनात होतं. क्योतोत त्यानं 'कोतो' नावाची छोटी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी नव्या हातातल्या मशीनचं काम सुरू केलं.

ते मशीन बाजारात आलेलं बघायला तो राहिला नाही. ४ ऑक्टोबर १९९७ ला होकुरिकू महामार्गावर त्याच्या गाडीची पुढच्या वाहनाला धडक बसली. काय झालं ते बघायला तो खाली उतरला आणि दुसऱ्या गाडीनं त्याला उडवलं. वय होतं ५६.

बंदाईचं 'वंडरस्वान' मार्च १९९९ मध्ये आलं. किंमत ४,८०० येन, पडदा पुन्हा काळा-पांढरा आणि चालवायला एकच पेन्सिल सेल. त्यासोबत आलेल्या एका कोडं सोडवायच्या गेमला योकोईच्या नावावरून 'गनपे' असं नाव दिलं होतं.

त्याचं अधिकच्या आकाराचं बटण आजही गेमच्या रिमोटवर असतं, फक्त बनवणाऱ्याचं नाव फार जणांना माहीत नसतं.