तलवार, तारीख आणि तबीब : मुहम्मद कासिम फरिश्ता

चिखलदऱ्याला जाणारी वऱ्हाडी मंडळी गाविलगड पाहिल्याशिवाय परतत नाहीत. अकोटच्या बाजूने नरनाळ्यावर चढणारेही पुष्कळ. हे गड कोणी उभारले, अचलपूरच्या तख्तावर कोण बसले आणि ते तख्त कसे बुडाले, याची हकीकत मात्र फार थोड्या ग्रंथांत आहे. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा माणूस वऱ्हाडचा नव्हता. त्यांचे नाव मुहम्मद कासिम. इतिहास त्यांना फरिश्ता म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबाद शहरातला. वडील गुलाम अली हिंदूशाह हे विद्वान गृहस्थ होते. ते लहानग्या कासिमला घेऊन अहमदनगरला आले. मुर्तजा निजामशाहने त्यांना शहजादा मीरान हुसेनचा उस्ताद नेमले, पण थोड्याच काळात ते अल्लाहला प्यारे झाले. पोरका कासिम दरबाराच्या आश्रयाने वाढला, फारसी शिकला आणि पुढे फौजेत दाखल झाला.

१५८८ मध्ये त्याच शहजाद्याने बापाविरुद्ध बंड केले. त्या वेळी फरिश्ता महालाच्या पहाऱ्यावरचे अधिकारी होते. सोबतचे लोक कापले गेले. शहजाद्याने आपल्या बालपणीच्या सोबत्याला ओळखले, म्हणून ते वाचले. मुर्तजाचा मुलाच्या हातून अंत झाला आणि वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. पाठोपाठ शहरात दख्खनी आणि परदेशी अशी कत्तल उसळली. इराणी आणि शिया असलेल्या फरिश्तांना तिथे जागा उरली नाही. १५८९ मध्ये त्यांनी विजापूर गाठले. पुढे विजापूरच्या बाजूने लढताना ते जखमी झाले, शत्रूच्या हाती सापडले आणि कैदेतून निसटले. लढाई त्यांनी पुस्तकातून शिकलेली नव्हती.

विजापूरच्या इब्राहिम आदिलशाह दुसऱ्याने त्यांच्यातला आलिम ओळखला. हिंदुस्थानचा, विशेषतः दख्खनचा सलग इतिहास लिहावा, असे काम त्यांच्यावर सोपवले. तीसहून अधिक जुने ग्रंथ चाळून फरिश्तांनी तो फारसीत लिहिला आणि १६०६ च्या सुमारास पहिला मसुदा बादशाहसमोर ठेवला. या ग्रंथाचे नाव गुलशन-ए-इब्राहिमी. लोक त्याला तारीख-ए-फरिश्ता म्हणतात. लिहिता लिहिता दरबाराची कामेही चालूच होती. १६०४ मध्ये आदिलशाहची मुलगी अकबराचा शहजादा दानियाल याला दिली, तेव्हा तिच्यासोबत जाणाऱ्यांत ते होते. पैठणजवळ गोदाकाठी हा विवाह झाला आणि तिथून ते बुऱ्हाणपूरपर्यंत गेले.

या ग्रंथातला एक भाग अचलपूरच्या इमादशाहीचा आहे. अहमदशाह वली बहमनीने पंधराव्या शतकात गाविलगड बांधला आणि नरनाळा दुरुस्त केला, हे फरिश्ता नोंदवतात. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाह हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० च्या सुमारास स्वतंत्र झाला. गाविलगडाच्या दरवाजावर दोन तोंडांच्या पक्ष्याचे, गंडभेरुंडाचे शिल्प आहे. हे विजयनगरचे चिन्ह वऱ्हाडच्या डोंगरात कसे आले, याचा उलगडा फरिश्तांच्या या हकीकतीने होतो.

राजकारण कसे चालते, हे त्यांनी वऱ्हाडच्याच उदाहरणाने दाखवले आहे. बालराजा बुऱ्हाण इमादशाहला तुफालखान या सरदाराने नरनाळ्यावर कोंडून सत्ता बळकावली. अहमदनगरच्या मुर्तजाने राजाला सोडवण्याचे कारण पुढे करून वऱ्हाडवर फौज आणली. १५७४ मध्ये नरनाळा आणि गाविलगड पडले. राजा मात्र सुटला नाही. तुफालखान आणि बुऱ्हाण दोघेही विजेत्याच्या कैदेत गेले, कैदेतच मेले आणि वऱ्हाड निजामशाहीत जमा झाले. हा मुर्तजा म्हणजे पोरक्या कासिमला आसरा देणारा सुलतान. ज्याचे मीठ खाल्ले, त्याच्या मोहिमेचे हे खरे रूप फरिश्तांनी झाकले नाही. त्यांच्या इतिहासाची खरी किंमत इथे कळते.

ते चुकलेही. बहमनी वंशातल्या एका सुलतानाचे नाव त्यांनी महमूद लिहिले. नाण्यांवर ते मुहम्मद असे स्पष्ट आहे. पहिला बहमनी सुलतान दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाचा चाकर होता, ही त्यांची गोष्ट घरोघरी पोहोचली, पण आजचे इतिहासकार ती मान्य करत नाहीत. लढायांतल्या मृतांचे त्यांचे आकडे तर जपूनच घ्यावे लागतात. म्हणून फरिश्ता वाचताना शिलालेख, नाणी आणि इतर तवारिखा शेजारी ठेवाव्या लागतात.

या इतिहासकाराचा दुसरा ग्रंथ फारसा कोणाला ठाऊक नाही. तो आहे दस्तूर-उल-अतिब्बा, म्हणजे तबिबांसाठी नियम. इख्तियारात-ए-कासिमी हे त्याचेच दुसरे नाव. फरिश्ता युनानी हिकमत शिकलेले होते. इराणी परंपरेत शरीररचनेच्या अभ्यासाला, म्हणजे तश्रीहला, मोठा मान होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराजच्या मन्सूर बिन इलियास यांनी हाडे, नसा, स्नायू यांची चित्रे असलेला फारसी ग्रंथ लिहिला होता. इकडे हिंदुस्थानात सुश्रुतांच्या परंपरेने मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून शरीराचे थर पाहण्याची रीत सांगितली होती आणि तीनशे हाडे मोजली होती.

दोन्ही शास्त्रांचा हिशेब वेगळा. युनानीत चार तत्त्वे आणि रक्त, कफ, पिवळे पित्त, काळे पित्त असे चार खिल्त. आयुर्वेदात पाच महाभूते आणि वात, पित्त, कफ असे तीन दोष. फरिश्तांनी वैद्यांचे शास्त्र समजून घेतले आणि ते फारसी जाणणाऱ्या मुसलमान तबिबांसाठी लिहून काढले. सुरुवातीला देहाच्या घडणीची मूलतत्त्वे, मग एकेरी औषधे, मिश्र औषधे आणि रोगांवरचे उपचार, अशी त्याची मांडणी आहे. या मुलखात राहायचे, तर इथली हवा आणि इथल्या वनस्पती ओळखणाऱ्यांचे ज्ञान घेतले पाहिजे, हा त्यामागचा सरळ विचार होता. ते ज्ञान कोणत्या धर्माच्या माणसाकडे आहे, हा प्रश्न त्यांना अडवू शकला नाही. ज्यांनी परदेशी म्हणून जिवावर उठलेला जमाव पाहिला, त्यांनीच हे लिहिले, हे विसरता येत नाही.

फरिश्तांच्या मागे त्यांची तारीख दूरवर गेली. जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने तिचा इंग्रजी अनुवाद केला. १८१७ मध्ये पुण्याची रेसिडेन्सी जळाली, तेव्हा त्याचा ग्रंथसंग्रह नष्ट झाला. तरीही त्याने काम पुन्हा उभे केले आणि १८२९ मध्ये अनुवाद छापला. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने फारसी मूळ घराघरांत पोहोचवले, तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू तर्जुमा करवून घेतला. तारिखेला असे वाचक मिळत गेले. दस्तूर मागे पडला.

तारिखेत माणसे एकमेकांना कशी मारतात, याची हजारो पाने आहेत. दस्तूरमध्ये तीच माणसे आजारी पडल्यावर कशी वाचवावीत, ते आहे. इमादशाहीचे तख्त गेले, निजामशाही आणि आदिलशाहीही गेली. कफ, ताप आणि पोटदुखी मात्र सुलतान आणि शिपाई यांच्यात फरक करत नव्हती, हे तलवार आणि लेखणी दोन्ही चालवलेल्या या माणसाला पक्के ठाऊक होते.