वर्धा नदीच्या दोन काठांचा हिशेब

वरोऱ्याहून वणीला जाताना पाटाळ्याचा पूल लागतो. पुलाखालून वाहणारी वर्धा नदी आज केवळ चंद्रपूर आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ती दोन राज्यव्यवस्थांमधली सीमा होती. पूर्वेचा वरोरा नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे आलेल्या मुलखात होता. पश्चिमेची वणी निजामाने १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केलेल्या वऱ्हाडात. अलीकडे मालगुजारी, पलीकडे रयतवारी. बोली, लग्नसंबंध आणि बाजार एकच, पण सारा वेगळ्या खजिन्यात जात असे. पुढे लोकनायक म्हणून देशभर ओळखले गेलेले माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे २९ ऑगस्ट १८८० रोजी याच वणीत जन्मले. त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग, या भूमीतून निघणारा पैसा कोठे जातो आणि त्यातला किती परत येतो, या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला.

हा प्रश्न त्या काळी पुस्तकी नव्हता. बापूजींच्या बालपणी नदीपलीकडे वरोऱ्यात सरकारी मालकीची कोळशाची खाण चालू होती आणि तिच्यासाठी वर्ध्याहून खास रेल्वे आणली गेली होती. खाण १९०६ साली बंद पडली. कोळसा निघाला, रूळ आले, ते देशाच्या गरजेसाठी. गावाच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याची सोयच तेव्हाच्या कारभारात नव्हती.

संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घरात वाढलेल्या बापूजींनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतली, काही वर्षे अमरावतीत शिक्षकी केली आणि कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन १९०८ पासून यवतमाळात वकिली आरंभली. टिळक हे त्यांचे दैवत. गांधीयुग आल्यावरही ही निष्ठा ढळली नाही. टिळकांना मानूनही ते गांधींबरोबर तुरुंगात गेले, ही त्यांच्या स्वभावाची खूण म्हणावी लागेल.

दरम्यान १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार करून वऱ्हाड कायम भाडेपट्ट्याने घेतले. सालीना पंचवीस लाख रुपये निजामाला द्यायचे आणि सार्वभौमत्व नावापुरते त्याचेच ठेवायचे, असा तो विलक्षण व्यवहार होता. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, आणि तेथून वऱ्हाडी पुढाऱ्यांच्या तक्रारीला सुरुवात झाली. वऱ्हाड कापसाचे, म्हणून उत्पन्नाचे. मध्य प्रांत डोंगरी, जंगली, खर्चाचा. वऱ्हाडचे शिल्लक उत्पन्न प्रांताच्या इतर भागांवर खर्ची पडते, शाळा, रस्ते आणि दवाखाने मात्र वऱ्हाडला पुरेसे मिळत नाहीत, असा आक्षेप वर्षानुवर्षे घेतला गेला. अखेर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सिम समितीने सूत्र घालून दिले. वाटून घेण्याजोग्या खर्चात वऱ्हाडचा भाग दोन-पंचमांश, मध्य प्रांताचा तीन-पंचमांश. प्रादेशिक अनुशेष हा शब्द रूढ होण्याच्या किती तरी आधी या भागाने त्याचे अंकगणित मांडले होते!

यातली मेख वरोऱ्याच्या वाचकाला चटकन कळेल. वऱ्हाडची तक्रार ज्या जंगली, खर्चाच्या मुलखाविरुद्ध होती, त्यात चांदा जिल्हा, म्हणजे वरोराही होता. वणीच्या कापसाचा पैसा नदी ओलांडून जातो, असे म्हणणाऱ्यांना पलीकडच्या काठावरची माणसे परकी नव्हती, तरी हिशेबात ती समोरच्या पक्षाची ठरत होती.

बापूजी १९२४ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे तेथील मतदारांनी निवडलेल्या सभासदाची सरकारने पुन्हा नेमणूक करावी लागे. निवडून येऊनही नियुक्त म्हणवून घेण्याच्या या स्थितीतून त्यांना घटनाशास्त्राची जी दृष्टी आली असेल, ती ग्रंथांतून क्वचितच येते. १९२८ च्या नेहरू समितीवर ते होते. भाषेच्या आधारे प्रांतरचना व्हावी, असे त्या समितीने म्हटले.

जुलै १९३० मध्ये त्यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला आणि तुरुंगवास पत्करला. मिठाला समुद्र लागतो; वऱ्हाडला समुद्र नव्हता, जंगल होते. गुरांचे गवत आणि सरपण यांवर सरकारने घातलेला पहारा हा येथील रयतेचा रोजचा जाच होता. वनसंपत्तीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या विळ्याने ऐरणीवर आणला.

पुढचा काळ मोठ्या पदांचा. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. १९३४ साली जातीय निवाड्यावरून मतभेद होऊन मदनमोहन मालवीयांसह त्यांनी वेगळा पक्ष काढला. १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, यासाठी त्यांच्यावर टीका झाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी तेथून राजीनामा दिला. नंतर ते सिलोनमध्ये सरकारचे प्रतिनिधी, घटना समितीचे सभासद आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते.

निवृत्तीच्या वयात ते पुन्हा आपल्या मूळ प्रश्नाकडे वळले. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि नागपुरात विधिमंडळाचे एक अधिवेशन देण्याचे मान्य केले होते. फाजल अली आयोगाने मात्र १९५५ साली आठ मराठी जिल्ह्यांचा वेगळा विदर्भ सुचवला. ती शिफारस बाजूला पडली. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, नागपूरचे राजधानीपद गेले आणि त्याच्या बदल्यात घटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपूरकरांनी वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर बापूजींना लोकसभेत धाडले. १९६२ साली, ऐंशी ओलांडल्यावर, ते अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. त्याच निवडणुकीत चांद्यातून लाल श्यामशहा हे गोंड जमीनदार अपक्ष म्हणून विजयी झाले. वऱ्हाड आणि मध्य प्रांत असा जुना भेद मागे पडून, वणी आणि वरोरा आता एकाच मागणीच्या छायेत आले होते. पण चळवळीची धुरा वकील-व्यापाऱ्यांच्या हाती राहिली, रानातली माणसे तिच्यात फारशी आली नाहीत, हे तिचे उणेपण नाकारता येत नाही. १९६७ साली नागपूरची जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली.

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींचे निधन झाले. पद्मविभूषण त्याच वर्षीचा. टिळकांवरील त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णव’ या संस्कृत ग्रंथाला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

३७१ (२) कलमातली मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले. त्याआधी दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष सुमारे ३१८६ कोटी रुपये काढला होता. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मधल्या काळात हिशेबाने एक वळण घेतले. सिंचनाचा उरलेला अनुशेष प्रामुख्याने अमरावती विभागात, म्हणजे एके काळी शिल्लक उत्पन्नाचा अभिमान बाळगणाऱ्या जुन्या वऱ्हाडात निघाला. आणि चंद्रपूर-गडचिरोलीतले अनेक प्रकल्प १९८० च्या वनसंरक्षण कायद्याच्या मंजुरीसाठी खोळंबले. वरोरा आणि वणी या दोन्ही तालुक्यांतून आता कोळसा निघतो, आणि त्याचे स्वामित्वधन मुंबईच्या तिजोरीत जमा होते.