न मिटलेला संप

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात एकेकाळी घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत असायचा. पगार झाला की पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा आणि त्यातून बियाणे, मुलांची फी, सावकाराचे व्याज असे सगळे भागायचे. १९८२ साली ही मनिऑर्डर थांबली. सातारा-सांगलीकडच्या त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना डॉ. दत्ता सामंत कोण, हे सांगावे लागत नाही. कुणी त्यांना देव मानले, तर कुणी घर बुडवणारा. प्रश्न असा की, एकाच माणसाने कामगारांना एवढे मिळवून दिले आणि त्याच माणसाच्या संपात एवढे गमावले गेले, हे घडले कसे?

सामंतांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ रोजी मालवणजवळच्या देवबागचा. गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना काढला. तेथे येणाऱ्या रुग्णांत दगडखाणीत राबणारे मजूर बरेच. औषधाने खोकला थांबेल, पण खाणीतली धूळ आणि तुटपुंजी मजुरी थांबणार नाही, हे या तरुण डॉक्टरला लवकरच उमगले. त्याने खाणमजुरांची संघटना बांधली. दवाखान्याची पाटी राहिली, पण बाहेरची रांग हळूहळू कामगारांची झाली.

१९७२ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत गेले. तरीही आणीबाणीत त्यांच्याच पक्षाच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. बाहेर आले ते अधिक मोठे होऊन. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये त्यांच्या युनियनने जोर धरला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली ही कंपनी. पद्मिनी गाडी तिथलीच. सामंतांची रीत वेगळी होती. मालकाच्या ताळेबंदावर त्यांचा विश्वास नव्हता. मागणी मोठी करायची आणि संप लांबला तरी मागे हटायचे नाही. प्रीमियरच्या कामगारांना घसघशीत पगारवाढ मिळाली आणि आसपासच्या कारखान्यांतले कामगार त्यांच्या दारात गर्दी करू लागले.

मोटारीच्या कारखान्यात संपाला धार का येते, हे समजून घ्यायला हवे. गाडी साखळीवर तयार होते. एक खाते थांबले की पुढची सगळी खाती थांबतात आणि अर्धवट गाड्यांत मालकाचा पैसा अडकतो. शिवाय त्या काळी गाडीसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबत. बंद पडलेला प्रत्येक दिवस मालकाला महाग, आणि वाढीव पगाराचा बोजा किमतीत मिसळणे त्यामानाने सोपे. म्हणून मालक वाटाघाटीला बसत.

गिरण्यांचे गणित नेमके उलटे होते. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उसळला आणि गिरणी कामगार आपणहून डॉक्टरांच्या दारात गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे ६० गिरण्यांतले जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर गेले. मागणी केवळ पगाराची नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता; तो बदला, बदली कामगारांना कायम करा, हेही त्यात होते. पण यंत्रे जुनी झालेली, कापडाचा साठा पडून आणि कापड विणून द्यायला भिवंडी, इचलकरंजीचे यंत्रमाग तयार. गिरणी बंद राहिली तर अनेक मालकांचे फारसे बिघडत नव्हते. ज्या हत्याराने मोटार कारखाना नमला, ते इथे बोथट ठरले.

योगायोग असा की, संप सुरू झाल्यावर तीनच दिवसांत मुख्यमंत्री झाले ते साताऱ्याचे बाबासाहेब भोसले आणि त्यांच्यानंतर १९८३ मध्ये आले ते सांगलीचे वसंतदादा पाटील. ज्यांच्या गावचे कामगार, त्यांचेच मुख्यमंत्री! तरीही मार्ग निघाला नाही. सरकारला सामंतांशी बोलणे म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या संघटनेला डावलणे वाटत होते.

मुंबईत भाडे आणि खानावळ परवडेना, तेव्हा कामगार गावी परतले. ज्यांच्याकडे बागाईत होती ते कसेबसे तरले. माणदेशातल्या कोरडवाहू घरांचे हाल झाले. संप टिकला तो या गावांच्या जोरावर, आणि त्याचे ओझेही या गावांनीच वाहिले. घरातल्या बाईने दागिना मोडला, मुलाची शाळा सुटली. याची नोंद कोणत्याही तहनाम्यात नाही. तहनामा झालाच नाही. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. १९८३ मध्ये केंद्राने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, पण लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही.

एवढे होऊनही १९८४ च्या काँग्रेस लाटेत दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. हरलेल्या सेनापतीला सैन्याने असा कौल क्वचितच दिला असेल. कदाचित कामगारांना त्यांच्या हिशेबाविषयी शंका असेल, पण नियतीविषयी नव्हती.

दरम्यान वाहन उद्योगही बदलत होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि गाडीसाठी थांबण्याचे दिवस सरत गेले. नवे कारखाने मुंबईबाहेर उभे राहत होते. खुद्द साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया स्कूटर सत्तरीच्या दशकापासूनच तयार होत होती. गिऱ्हाइकाला दुसरे दुकान आणि मालकाला दुसरे गाव मिळाले की संपाचे बळ कमी होते. पद्मिनीचे उत्पादनही पुढे नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. त्याचे सगळे खापर युनियनवर फोडणे जितके सोपे, तितकेच ते अपुरे.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळ मारेकऱ्यांनी सामंतांवर गोळ्या झाडल्या. वय ६४. संपाला पंधरा वर्षे पुरी व्हायला दोन दिवस उरले होते. अंत्ययात्रेला कामगारांचा लोटला तो जनसागर.

त्यांची चूक कोणती? मोटार कारखान्यातले यश गिरणीतही मिळेल, असे मानणे ही एक. आणि माघारीची वाट न ठेवणे ही दुसरी. पण ज्यांचा आवाज कायद्यानेच दुसऱ्याच्या हाती दिला होता, अशा माणसांना तो परत मिळावा, ही मागणी चुकीची नव्हती. परळच्या गिरण्यांच्या जागी आज टॉवर आणि मॉल उभे आहेत. त्याच जमिनीच्या हिश्शातून गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा म्हाडाच्या सोडतीसाठी गावोगावच्या वारसांनी जुने तिकीट आणि पगारपत्रक ट्रंकेतून शोधून काढले. बापाने संप केला होता, याचा पुरावा नव्हे. बापाने गिरणीत काम केले होते, याचा.