जॉर्ज ईस्टमन आणि आमच्या आजोबांचा कॅमेरा



आपल्या भिंतीवर दर महिन्याला एका थोर माणसाची माहिती लागते. या वेळी माझी पाळी होती. मी सावित्रीबाईंवर लिहिणार होते, पण दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक घोळ झाला आणि माणूस बदलला.

झाले असे की, माळा झाडताना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आजोबा जाऊन आता नऊ वर्षे झाली. पेटीत जुन्या पावत्या, एक चष्मा आणि चामड्याच्या पिशवीत अॅग्फा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा. आपल्याच देशात बनलेला, साधा, काळा, डब्यासारखा. मला राहवले नाही. अंगणात उन्हात बसून मी त्याचे मागचे झाकण उघडले, तर आत रोल! झाकणाला एक छोटी लाल खिडकी असते, तिच्यात ८ आकडा दिसत होता, तो मी पाहिलाच नव्हता. म्हणजे आजोबांनी सात फोटो काढून ठेवले होते आणि मी त्यांच्यावर ऊन पाडले. फिल्मला उजेड लागला की ती गेली, हे मला काय ठाऊक? आजी काही बोलली नाही. नुसती आत निघून गेली. त्यापेक्षा रागावली असती तर बरे झाले असते.

सुट्टी संपल्यावर मी बाईंना सगळे सांगितले. बाई म्हणाल्या की, हा रोल ज्याने घरोघर नेला त्या माणसाची माहिती काढ, त्याच्याही हातून पुष्कळ बिघडले होते. म्हणून हा लेख.

जॉर्ज ईस्टमनचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, वॉटरव्हिल या गावी झाला. तीन भावंडांत तो धाकटा. दोघी बहिणी मोठ्या, त्यांतली एक पोलिओने अधू. वडील रॉचेस्टर शहरात हिशेब आणि व्यापार शिकवणारी शाळा चालवीत. १८६२ साली वडील वारले तेव्हा जॉर्जला आठवे वर्षही पुरे झाले नव्हते. आईने घरात भाडेकरू ठेवले, त्यांचा स्वयंपाकपाणी करून संसार चालवला. चौदाव्या वर्षी जॉर्जने शाळा सोडली आणि एका विमा कचेरीत निरोप पोचवण्याचे काम धरले. पगार आठवड्याला ३ डॉलर. रात्री घरी बसून तो हिशेब शिकला आणि १८७४ साली बँकेत कारकून झाला. तिथे आठवड्याला १५ डॉलर मिळू लागले. घरात जरा बरे दिवस आले.

आता फोटोची गोष्ट. तेविशी-चोविशीत त्याने सुट्टीत लांब एका बेटावर जायचे ठरवले. बँकेतल्या एका सोबत्याने सुचवले की जातोस तर फोटो काढून आण. म्हणून त्याने कॅमेरा घेतला. कॅमेरा म्हणजे आजच्यासारखा खिशात मावणारा नव्हे बरं का! मोठ्या खोक्याएवढा, त्याला जाडजूड तिकाटणे, शिवाय काचेच्या तावदानांसारख्या पट्ट्या, औषधांच्या बाटल्या, पाण्याचे भांडे आणि एक काळा तंबू. कारण त्या काळी काचेला औषध लावायचे ते फोटो काढायच्या अगदी आधी, अंधारात. काच ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि लगेच तंबूत शिरून धुवायचा. ते औषध बोटांना लागले की बोटे काळी. हे सगळे वापरायला शिकायचे म्हणून त्याने ५ डॉलर शिकवणी दिली. म्हणजे बँकेतल्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा! आणि शेवटी तो बेटावर गेलाच नाही.

पण खूळ लागले ते लागलेच. इंग्लंडच्या मासिकांत त्याने वाचले की काचेला जिलेटिनमध्ये कालवलेले औषध लावले तर काच वाळल्यावरही फोटो येतो. मग काय, दिवसभर बँक आणि रात्री आईचे स्वयंपाकघर. चुलीवर औषध गरम करायचे, काचेला फासायचे, वाळवायचे, बिघडले की पुन्हा. कधी कधी तो इतका दमायचा की चुलीजवळच जमिनीवर झोपून जायचा. त्याची आई काय म्हणत असेल, असे माझ्या मनात आले. आमच्या आईने तर पहिल्याच रात्री भांडी उचलून ठेवली असती.

काचांना सारखा थर देणारे यंत्र त्याने बनवले आणि १८७९ साली लंडनला जाऊन त्याचा हक्क नोंदवला. १८८० साली रॉचेस्टरमध्ये एका इमारतीचा तिसरा मजला भाड्याने घेऊन काचा विकायला सुरुवात केली. हेन्री स्ट्राँग नावाचे गृहस्थ भागीदार झाले. त्यांचा धंदा घोडागाडीचे चाबूक बनवण्याचा! १८८१ साली ईस्टमनने बँक सोडली.

आणि लगेच मोठे संकट आले. दुकानदारांकडे गेलेल्या काचा बिघडू लागल्या, फोटो येईना. गिऱ्हाइकाला खोटे पाडता आले असते, पण ईस्टमनने बिघडलेला माल परत घेतला आणि चांगला माल बदलून दिला. पैसा जवळजवळ संपला. शोध घेतला तेव्हा कळले की दोष जिलेटिनमध्ये होता. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. पुढे १९२०च्या सुमारास आणि नंतर त्याच्याच कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी याचा आणखी शोध घेतला, तेव्हा गंमत निघाली. जनावरांनी मोहरीसारखा पाला खाल्ला असेल तर त्यातला गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो आणि त्यामुळे फिल्मला उजेड लवकर कळतो. गुरांनी काय खाल्ले यावर फोटो अवलंबून! हे मी वडिलांना सांगितले तर त्यांना खरे वाटेना. बाईंनी खरे आहे म्हटल्यावर मानले.

काच जड आणि फुटणारी. म्हणून ईस्टमनने आधी कागदाचा आणि १८८९ साली सेल्युलॉइडचा, म्हणजे पारदर्शक, वाकणारा रोल काढला. त्याआधी १८८८ मध्ये त्याचा कोडॅक कॅमेरा आला होता. कोडॅक या शब्दाला काही अर्थ नाही, त्याला क हे अक्षर आवडायचे म्हणून त्याने तो जुळवला. कॅमेऱ्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा. तिथे फोटो धुऊन, नवा रोल भरून कॅमेरा परत येई. काळा तंबू गेला, औषधे गेली. पण किंमत २५ डॉलर आणि धुवायचे १० डॉलर, म्हणजे ते गरिबाचे काम नव्हते.

गरिबाचा कॅमेरा १९०० साली आला. त्याचे नाव ब्राउनी. पुठ्ठ्याचा डबा, साधे भिंग, एक खटका. किंमत १ डॉलर, सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. तो मुलांसाठीच होता. पहिल्याच वर्षी लाखाच्या वर खपले. दुसऱ्या ब्राउनीसाठी १९०१ साली जो रोल निघाला त्याचा नंबर १२०. आणि हे वाचून मी उडालेच, कारण आजोबांच्या कॅमेऱ्यातला रोलसुद्धा १२० नंबरचाच! सव्वाशे वर्षे होत आली, तो रोल अजून मिळतो. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र दाखवला तोसुद्धा फिल्मच्या पट्टीवरच.

लाल खिडकी आणि फिल्मच्या पाठीला आकड्यांचा कागद ही युक्ती मात्र ईस्टमनची नाही. ती टर्नर नावाच्या माणसाची. ईस्टमनने १८९५ साली त्याची कंपनीच विकत घेतली. आणखी एक गोष्ट मला आवडली नाही. सेल्युलॉइडच्या फिल्मचा हक्क गुडविन नावाच्या एका पाद्रीबाबांनी १८८७ सालीच मागितला होता. कोर्टकचेरी फार वर्षे चालली. १९१४ साली निकाल ईस्टमनच्या कंपनीविरुद्ध लागला आणि तिला ५० लाख डॉलर द्यावे लागले. तोवर गुडविन १९०० सालीच वारले होते. थोर माणसाच्या माहितीत हे लिहावे का, असे मी बाईंना विचारले. त्यांनी लिही म्हटले.

पैसा मिळाला तसा त्याने वाटलाही. १९१९ साली स्वतःच्या शेअरपैकी तिसरा हिस्सा, सुमारे १ कोटी डॉलरचा, कामगारांना दिला. मुलांच्या दातांसाठी रॉचेस्टर, लंडन, पॅरिस, रोम अशा शहरांत दवाखाने काढले. एका मोठ्या तंत्रविद्यालयाला सुमारे २ कोटी डॉलर दिले, तेही बरीच वर्षे मिस्टर स्मिथ या खोट्या नावाने. त्याने लग्न केले नाही. जगाचे फोटो काढून देणारा हा माणूस इतका लाजाळू होता की स्वतःच्या शहरात रस्त्याने चालला तरी लोक ओळखत नसत. शेवटी पाठीच्या कण्याच्या दुखण्याने तो फार हैराण झाला. १४ मार्च १९३२ रोजी रॉचेस्टरमध्ये त्याचा अंत झाला. तेव्हा तो ७७ वर्षांचा होता.

आता आमच्या कॅमेऱ्याचे. तालुक्याच्या गावी एक जुने फोटोवाले काका आहेत. वडील मला त्यांच्याकडे घेऊन गेले. काकांनी रिकामा कॅमेरा उजेडाकडे धरून खटका दाबून दाखवला, भिंगातून उजेड लुकलुकला. म्हणजे खटका चालतो. भिंग जुन्या धुतलेल्या मऊ फडक्याने पुसले, झाकणाच्या फटीला वायरमन वापरतात ती काळी टेप लावली. एवढाच खर्च, पंधरा रुपये. मी उन्हात उघडलेला रोल त्यांनी अंधाऱ्या खोलीत धुवून, हायपोत घालून बाहेर आणला. पट्टी बहुतेक काळी ठिक्कर. पण पहिला फोटो सगळ्यात आत गुंडाळलेला होता, तो थोडा वाचला होता.

मोबाइलवर पांढरा पडदा लावून त्यावर ती पट्टी ठेवली आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो उलटा करून आजीला दाखवला. आमच्या जुन्या घराचे दार, जे आता पाडले, आणि दारात आजी. हातात सूप. डोक्याचा वरचा भाग कापलेला. आजी बराच वेळ बघत राहिली. मग हसली आणि सांगू लागली की आजोबा नेहमी असेच करायचे, कुणाचे डोके धड यायचे नाही.

नवा रोल टपालखर्च धरून ७८० रुपयांना पडला. माझ्या ओवाळणीचे तीनशे होते, बाकीचे आजीने दिले. रोलमध्ये बारा फोटो. पाच काढून झाले, त्यातला एक आजीचा, डोक्यासकट. सात उरले आहेत. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर एक आपल्या वर्गाचा काढणार आहे. सर्वांनी वडाच्या बाजूला, तोंडावर ऊन येईल असे उभे राहावे. सावलीत हा कॅमेरा चालत नाही. मी तीन म्हणेपर्यंत कुणी हलू नये, आणि पालकांनीही मागच्या रांगेत यावे. पुन्हा काढता येणार नाही.

— इयत्ता ७ वी