एरिक लिडेल : मिशनरी घरातला मुलगा, अनेक मुलांचा काका

सुवार्तेसाठी दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांविषयी आपण नेहमीच आदराने बोलतो. त्यांनी सोडलेले घर, सोसलेले आजार, शिकलेल्या परक्या भाषा आपल्याला ठाऊक असतात. मात्र विवाहित मिशनऱ्यांच्या बाबतीत त्या त्यागाचा एक मोठा वाटा त्यांच्या मुलांनी उचलला, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आईवडील एका खंडात आणि मुले दुसऱ्या खंडातील शाळेत, असे जीवन हजारो मिशनरी कुटुंबांनी स्वीकारले. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते एरिक लिडेल यांचे कुटुंब अशांपैकीच एक. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. तरीही त्यांच्या जीवनाकडे पाहताना पंथाची सीमा आड येत नाही.

लिडेल यांचे नाव अनेकांना १९८१ सालच्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटामुळे परिचित आहे. रविवारी धावण्यास नकार देणारा धावपटू म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु पॅरिसमधील ती शर्यत त्यांच्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील एका मिनिटाहूनही कमी वेळेची होती. उरलेल्या आयुष्याचा फार मोठा भाग शाळांमध्ये गेला : प्रथम विद्यार्थी म्हणून, नंतर शिक्षक म्हणून आणि अखेरीस कैदी शिक्षक म्हणून.

चीनमधील बालपण

एरिक यांचे वडील जेम्स लिडेल हे स्कॉटलंडचे. लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते चीनमध्ये कार्य करीत होते. आई मेरी या परिचारिका होत्या. १९०० साली उत्तर चीनमध्ये परकीयांविरुद्ध आणि ख्रिस्ती लोकांविरुद्ध बॉक्सर बंडाचा वणवा पेटला. त्या धामधुमीत मेरी यांना शांघायचा आश्रय घ्यावा लागला आणि तेथेच त्यांचा थोरला मुलगा रॉबर्ट जन्माला आला. एरिक यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी तिएनत्सिन शहरात झाला. या शहराला आज तियानजिन म्हणतात. पुढच्याच वर्षी बहीण जेनी जन्मली.

कुटुंबाचे वास्तव्य सियाओचांग या खेड्यात होते. सभोवती सपाट शेते, मातीची घरे आणि हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. मुले चिनी दाईच्या देखरेखीखाली वाढली. चिनी बोलणे त्यांच्या कानी रोजचेच होते. कोकऱ्यामागे धावणाऱ्या या मुलांना चीन परका देश वाटण्याचे काही कारणच नव्हते. त्यांच्या दृष्टीने परका देश होता तो स्कॉटलंड, जो त्यांनी पाहिलाच नव्हता.

आईवडिलांविना शाळा

१९०७ साली लिडेल कुटुंब सुट्टीसाठी मायदेशी गेले. मिशनऱ्यांना काही वर्षांच्या सेवेनंतर अशी दीर्घ सुट्टी मिळत असे. ती संपत आली की प्रत्येक कुटुंबापुढे तोच प्रश्न उभा राहत असे : शाळेच्या वयाच्या मुलांचे काय करावे? चीनच्या अंतर्भागात इंग्रजी शिक्षणाची सोय नव्हती. साथीच्या रोगांचे भय होते आणि बंडाच्या आठवणी ताज्या होत्या. अशा मुलांसाठी लंडनमध्ये एक खास शाळा होती. १८४२ साली स्थापन झालेली ही शाळा पुढे ‘मिशनऱ्यांच्या मुलांची शाळा’ याच नावाने ओळखली जाई. १९०८ साली आठ वर्षांचा रॉबर्ट आणि सहा वर्षांचा एरिक ब्लॅकहीथ येथील या शाळेच्या वसतिगृहात दाखल झाले.

वडील चीनला परतले. आई लहानग्या जेनीसह काही काळ शाळेजवळ राहिली. मुले शाळेत रुळतात की नाही, हे तिला पाहायचे होते. पुढे तिलाही जावे लागले. त्या काळी चीनचा प्रवास आठवड्यांचा होता आणि पत्राचे उत्तर यायलाही महिने लागत. शाळेतील पुढच्या बारा वर्षांत या मुलांना आपल्या आईवडिलांसोबत राहण्याची संधी दोन-तीन वेळाच मिळाली, तीही आईवडील सुट्टीवर आले तेव्हा. धाकटा भाऊ अर्नेस्ट १९१२ साली चीनमध्ये जन्मला. या नव्या भावाची थोरल्या भावांना प्रथम ओळख झाली ती अर्थातच पत्रांतून.

एरिक लाजरा, किरकोळ अंगाचा मुलगा होता. शाळेच्या नाटकात त्याने झोपाळू उंदराची भूमिका केली आणि ‘उंदीर’ हे टोपणनाव त्याला चिकटले. अशा मुलाला शाळेने सावरले ते दोन गोष्टींनी. पहिली गोष्ट म्हणजे तेथील प्रत्येक मुलाची कहाणी सारखीच होती. कुणाचे आईवडील आफ्रिकेत, कुणाचे भारतात, कुणाचे पॅसिफिक बेटांवर. त्यामुळे कुणाला आपले दुःख समजावून सांगावे लागत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे मैदान. १९१२ साली शाळा मॉटिंगहॅम येथे मोठ्या आवारात गेली आणि पुढे एल्थम कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आली. तेथे रग्बी, क्रिकेट आणि धावण्याच्या शर्यती यांत दोघे भाऊ चमकू लागले. लाजरा एरिक यथावकाश रग्बी आणि क्रिकेट या दोन्ही संघांचा कर्णधार झाला. रॉबर्टची सोबत होतीच. आईवडिलांची उणीव थोरल्या भावाने किती भरून काढली, हे त्या दोघांच्या पुढील आयुष्यावरून कळते : मोठेपणी दोघेही मिशनकार्यासाठी चीनला गेले.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. असे विभक्त बालपण काही मुलांना कायमचे दुखावून जात असे आणि त्यांतील काहींनी मोठेपणी श्रद्धेकडे पाठ फिरवली. आईवडिलांचा हेतू पवित्र होता म्हणून मुलांची वेदना कमी होत नाही. लिडेल बंधू त्या वेदनेतून सुखरूप पार पडले, यात शाळा, भाऊ, मैदान आणि दूरच्या आईची नित्याची पत्रे या सर्वांचा वाटा होता.

पॅरिस आणि त्यानंतर

१९२० साली एरिक लिडेल एडिनबरो विद्यापीठात विज्ञान शिकण्यासाठी दाखल झाले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघातून ते सात सामने खेळले. १९२३ साली त्यांनी १०० यार्डांचे अंतर ९.७ सेकंदांत धावून ब्रिटिश विक्रम केला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक त्यांच्याकडे येईल, अशी देशाची अपेक्षा होती. पण त्या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलै रोजी होत्या. प्रभूच्या दिवशी स्पर्धेत उतरायचे नाही, हा त्यांचा नियम होता. चित्रपटात दाखवल्याप्रमाणे हा निर्णय ऐन वेळी झाला नव्हता. वेळापत्रक त्यांना काही महिने आधीच समजले होते आणि ते शांतपणे ४०० मीटरच्या तयारीला लागले होते.

त्या रविवारी त्यांनी पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचन केले. ९ जुलैला २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. ११ जुलै रोजी ४०० मीटरची अंतिम शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक पटकावले. कीर्तीच्या शिखरावर असतानाच, १९२५ साली, त्यांनी चीनची वाट धरली.

शिक्षक लिडेल

तिएनत्सिन येथील अँग्लो-चायनीज कॉलेज ही शाळा १९०२ साली, म्हणजे लिडेल यांच्या जन्मवर्षीच, स्थापन झाली होती. तेथे ते विज्ञान शिकवू लागले आणि खेळांचे मार्गदर्शन करू लागले. त्या वर्षी चीनमध्ये परकीयांविरुद्ध संताप उसळला होता आणि विद्यार्थ्यांचे संप चालू होते. अशा वातावरणात नवख्या परदेशी शिक्षकाला मान मिळवावा लागतो, तो आपोआप मिळत नाही. लिडेल यांनी तो वर्गात आणि मैदानावर मिळवला.

आईवडील, जेनी आणि अर्नेस्ट त्या वेळी तिएनत्सिनमध्येच होते. सहाव्या वर्षी घरापासून दुरावलेला मुलगा तेविसाव्या वर्षी पुन्हा आईच्या घरी राहायला आला. रॉबर्ट डॉक्टर होऊन सियाओचांगच्या मिशन रुग्णालयात काम करू लागले. हा सहवास फार काळ टिकला नाही. १९२९ साली आईवडील कायमचे मायदेशी परतले आणि १९३३ साली वडिलांचे निधन झाले.

२७ मार्च १९३४ रोजी एरिक यांचा विवाह फ्लॉरेन्स मॅकेंझी यांच्याशी झाला. फ्लॉरेन्स या चीनमध्ये सेवा करणाऱ्या कॅनेडियन मिशनरी दांपत्याच्या कन्या होत्या आणि त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. पॅट्रिशिया आणि हेदर या दोन मुली झाल्या. आपल्या मुलांपासून आपण दूर राहायचे नाही, अशी कोणत्याही पित्याची इच्छा असते. लिडेल यांना तर दुराव्याचा अर्थ लहानपणापासून ठाऊक होता.

पण १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. त्याच वर्षाच्या अखेरीस लिडेल युद्धाने होरपळलेल्या सियाओचांगला गेले आणि पत्नी व मुली तिएनत्सिनमध्ये राहिल्या. १९४१ साली धोका वाढला तेव्हा त्यांनी गर्भवती पत्नीला दोन्ही मुलींसह कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी मॉरीन त्याच वर्षी टोरांटोत जन्मली. पित्याला तिचे मुख कधीही पाहता आले नाही.

छावणीतील शाळा

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी लिडेल यांना वेइहसियेन येथील नजरकैदेच्या छावणीत नेले. शांतुंग प्रांतातील हे मूळचे मिशनचे आवार. त्या अपुऱ्या जागेत दीड हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. आरंभी त्यांत चारशेच्या आसपास कॅथलिक धर्मगुरू व धर्मभगिनीही होत्या. ऑस्ट्रेलियन ट्रॅपिस्ट धर्मगुरू फादर स्कॅनलन हे कुंपणाच्या भिंतीपलीकडील चिनी शेतकऱ्यांकडून गुपचूप अंडी मिळवून कैद्यांना पुरवीत. त्याबद्दल त्यांना एकांतवासाची शिक्षा झाली. ऑगस्ट १९४३ मध्ये बहुतेक धर्मगुरू आणि भगिनी यांना पेकिंगला हलवण्यात आले. तरुण मुलांच्या खेळांमध्ये आणि करमणुकीत पुढाकार घेणारे हे लोक गेल्याने छावणी सुनी झाली.

त्यानंतर महिन्याभरात छावणीत चेफू शाळेची मुले आली. ही शाळाही मिशनऱ्यांच्या मुलांचीच. चायना इनलँड मिशनने ती समुद्रकिनारी चालवली होती. तेथील अनेक मुलांचे आईवडील चीनच्या दूरच्या, जपान्यांच्या ताब्यात नसलेल्या भागात होते. युद्धामुळे काही मुलांनी आपल्या आईवडिलांना वर्षानुवर्षे पाहिले नव्हते. ब्लॅकहीथच्या वसतिगृहातील सहा वर्षांचा एरिक अशा अनेक चेहऱ्यांनी लिडेल यांच्यासमोर उभा राहिला.

छावणीत शाळा चालत होती, पण साधने नव्हती. लिडेल रसायनशास्त्र शिकवीत. प्रयोगशाळा नसल्यामुळे उपकरणांची चित्रे स्वतः काढून ते मुलांना प्रयोग समजावून देत आणि मुलांची परीक्षेची तयारी करून घेत. सायंकाळी खेळ घेत. तुटलेल्या हॉकीच्या काठ्या दुरुस्त करीत. म्हाताऱ्यांसाठी पाणी वाहून नेत. मुले त्यांना एरिक काका म्हणत.

तेथे एक प्रसंग घडला. रविवारी खेळ नको, हा लिडेल यांचा नियम छावणीतही होता. कंटाळलेल्या काही मुलामुलींनी एका रविवारी स्वतःच हॉकीचा सामना मांडला. पंच नसल्याने त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानावर उभे राहिले. ज्या नियमासाठी त्यांनी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तो त्यांनी मुलांसाठी बाजूला ठेवला. शब्बाथ माणसासाठी आहे, ही प्रभू येशूची शिकवण त्यांनी येथे कृतीत उतरवली. स्वतःच्या गौरवासाठी जे त्यांनी केले नसते, ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी केले.

स्वतःच्या मुलींशी मात्र त्यांचा संबंध जवळजवळ तुटला होता. रेडक्रॉसमार्फत जाणाऱ्या संदेशात पंचवीस शब्दांचीच मुभा असे आणि तोही पोहोचायला कित्येक महिने लागत. हातात मावतील एवढ्या त्या शब्दांत एका पित्याला तीन मुलींचे लाड करायचे होते.

अखेर

१९४४ च्या अखेरीस त्यांना तीव्र डोकेदुखी सुरू झाली. कारण मेंदूतील गाठ होती, हे मृत्यूनंतर स्पष्ट झाले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच दिवशी त्यांनी पत्नीला शेवटचे पत्र लिहवून घेतले होते. अंत्यविधीच्या वेळी चेफू शाळेच्या मुलांनी त्यांना मानवंदना दिली. सहा महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९४५ रोजी, छावणी मुक्त झाली आणि ती मुले आपापल्या आईवडिलांकडे परतली. टोरांटोतील तीन मुलींचे वडील मात्र परतले नाहीत. त्यांच्या निधनाची वार्ता फ्लॉरेन्स यांना मे महिन्यात मिळाली होती.

छावणीतील एक मुलगा स्टीफन मेटकाफ. लिडेल यांनी आपले धावण्याचे जुने बूट त्याला दिले होते आणि शत्रूसाठी प्रार्थना करायला शिकवले होते. युद्धानंतर तोच मेटकाफ मिशनरी होऊन जपानला गेला आणि अनेक वर्षे तेथे सेवा करीत राहिला. १९९१ साली एडिनबरो विद्यापीठाने वेइहसियेन येथे, म्हणजे आजच्या वेइफांग शहरात, स्कॉटलंडच्या मल बेटावरील ग्रॅनाइटचा स्मृतिशिला उभारली.

आपल्याही अनेक घरांतील वडील नोकरीसाठी आखाती देशांत किंवा जहाजांवर असतात आणि काही मुले वसतिगृहात शिकतात. अशा मुलांना शिक्षक, धर्मगुरू, धर्मभगिनी, शेजारी आणि थोरली भावंडे यांच्या रूपाने एखादा एरिक काका भेटत असतो. आपल्या धर्मग्रामातील अशा मुलांकडे आपले लक्ष असावे. आणि जी मिशनरी कुटुंबे आजही आपल्या मुलांपासून दूर राहून सेवा करीत आहेत, त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलांचीही आठवण आपण आपल्या प्रार्थनेत करूया.