पोढीवरचे नाव आणि पाटाचे पाणी

जुन्नरच्या आसमंतातील डोंगरांत जी लेणी आहेत, त्यांच्या शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तेथील शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाट चढून कल्याण-सोपाऱ्याचा व्यापार जुन्नरला येत असे आणि त्या वाटेने परदेशी माणसेही येत असत. त्यांतील एकाने या मातीत पाण्याची सोय करून दिली आणि जुन्नरने त्याचे नाव दगडात कोरून ठेवले. परंतु ती पोढी कोठे खोदावी, किती खोल न्यावी, पाझर कसा अडवावा हे ज्याने ठरविले, त्या कारागिराचे नाव त्या लेखात नाही. दात्याचे नाव उरले, कर्त्याचे गेले. स्थापत्याच्या व्यवसायाच्या नशिबी हा भोग तेव्हापासूनच आहे.

15 सप्टेंबर हा दिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो, तेव्हा या नियमाला ठरलेल्या एका थोर अपवादाचे स्मरण होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म 1861 साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे झाला. घरची स्थिती बेताची आणि वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. बंगळूरला बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि 1883 साली स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. त्याबद्दल त्यांना जे पारितोषिक मिळाले, ते बोरघाटातून आगगाडी नेणाऱ्या जेम्स बर्कले या इंग्रज अभियंत्याच्या नावाचे होते. घाट फोडणाऱ्या परक्या अभियंत्याच्या नावाचा मान या देशातील एका गरीब विद्यार्थ्याला मिळावा, यात पुढील चरित्राची जणू नांदी होती.

1884 साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक आणि खानदेश हे त्यांचे पहिले कार्यक्षेत्र. पांझरा नदीवर त्यांनी नळांचा वक्रनलिकेसारखा मार्ग बांधून पाणी पलीकडे नेले. त्याच खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धत नांदत होती. गावची भिजणारी जमीन फडांत वाटून घ्यावी, एका फडात एकच पीक घ्यावे आणि पाणी सर्वांनी ठरल्याप्रमाणे वापरावे, अशी ती व्यवस्था. नव्या अभियंत्याने ती डोळे उघडे ठेवून पाहिली असेल, असे मानण्यास हरकत नाही. पुढे सिंधमधील सक्कर येथे त्यांनी शहराच्या पाण्याचा प्रश्न हाती घेतला. सिंधूचे गढूळ पाणी नदीच्या वाळूतूनच गाळून घेण्याची त्यांची युक्ती स्वस्त आणि परिणामकारक ठरली.

पुणे जिल्ह्याशी त्यांचा संबंध यानंतर घनिष्ठ झाला. येथे न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांचा सहवास त्यांना लाभला. 1898 साली त्यांनी रजा काढून चीन व जपानचा प्रवास केला. आशियातील एक राष्ट्र थोड्या वर्षांत कारखाने आणि शिक्षण यांच्या बळावर उभे राहते, हे त्यांनी तेथे पाहिले आणि ते दृश्य ते जन्मभर विसरले नाहीत. परत आल्यावर 1899 साली पुणे जिल्ह्याचे पाटबंधारे त्यांच्याकडे आले. नीरा कालव्यावर पाण्याची उधळपट्टी होत होती. वरच्या गावांनी भरमसाट पाणी घ्यावे आणि खालच्या गावांनी कोरड्या चारीकडे पाहत बसावे, असा प्रकार होता. विश्वेश्वरय्यांनी प्रत्येक गावच्या जमिनीचे ठराविक तुकडे निवडून त्यांत पिकांचा फेर पाडण्याची पद्धत घालून दिली. ती ब्लॉक पद्धत म्हणून ओळखली जाते. शेतकऱ्यांनी आरंभी विरोध केला. त्यांची समजूत घालून ही पद्धत राबविली गेली आणि पाटबंधारे आयोगानेही तिची दखल घेतली.

खडकवासल्याचे काम याच काळातले. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी अडवावे, पण भिंतीची उंची वाढवू नये, असा पेच होता. त्यांनी आपोआप उघडझाप करणारे दरवाजे योजिले. जलाशय ठराविक पातळीला पोहोचला की दरवाजे आपोआप उघडतात आणि पूर ओसरला की मिटतात. त्यामुळे साठ्याची पातळी सुमारे 8 फूट वाढविता आली. 1903 साली बसविलेल्या या दरवाजांचे एकस्व त्यांनी घेतले होते आणि पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर व म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही ते योजले गेले. खडकवासल्याचे ते जुने धरण 1961 च्या पानशेत प्रलयात फुटले व नंतर पुन्हा बांधण्यात आले. भिंत पडली, तरी कल्पना टिकली.

1906 साली त्यांना एडनला पाठविण्यात आले. समुद्राने वेढलेल्या त्या रुक्ष ठाण्याला गोडे पाणी नव्हते. त्यांनी उत्तरेकडील प्रदेशाची पाहणी करून कोरड्या दिसणाऱ्या नदीपात्राच्या पोटातील पाणी विहिरींनी उचलण्याची योजना सुचविली. सिंधूच्या वाळूत शिकलेला धडा अरबस्तानच्या वाळूत उपयोगी पडला. विद्येची देवघेव म्हणतात ती हीच. विद्या केवळ विलायतेहून इकडे येत नाही, येथूनही ती बाहेर जाते.

परंतु मुख्य अभियंत्याचे आसन त्या राजवटीत हिंदी माणसाला मिळणे दुरापास्त होते. 1908 साली त्यांनी आपण होऊन नोकरी सोडली आणि युरोप-अमेरिकेची वाट धरली. त्याच वर्षी मुसा नदीच्या महापुराने हैदराबादची वाताहत झाली होती. निजाम सरकारने त्यांना बोलावले आणि शहराच्या वर जलाशय बांधून पूर रोखण्याची योजना त्यांनी दिली. 1909 मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, 1912 ते 1918 दिवाण राहिले. कृष्णराजसागर, म्हैसूरची बँक, विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्या काळाची फळे होत. इंग्रज सरकारने त्यांना 1915 साली सर हा किताब दिला आणि स्वतंत्र भारताने 1955 साली भारतरत्न. लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेनेही त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. नव्वदी उलटल्यावरही मोकामा येथील गंगेवरच्या पुलाच्या जागेबाबत सल्ला देण्यास ते गेले. 1962 साली वयाची शंभरी ओलांडून त्यांनी देह ठेवला.

हे चरित्र आज सांगण्याचे प्रयोजन केवळ गौरवाचे नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांकडे आम्ही पाहतो, तेव्हा त्यांचे कार्य आम्हास अपुरे राहिलेले दिसते. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही 5 धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जावयाचे असते. आवर्तनाची तारीख जवळ आली की वरचे आणि खालचे यांच्यात वाद उभा राहतो, मोर्चे निघतात आणि पुढारी आश्वासने देतात. नीरेच्या काठी 1899 साली हाच प्रश्न होता. त्या अभियंत्याने उत्तर दिले ते भिंत वाढवून नव्हे, तर वाटपाची शिस्त घालून. आम्ही मात्र भिंती बांधण्यात त्यांचे अनुकरण केले आणि शिस्तीत त्यांना विसरलो.

दुसरी गोष्ट नावाची. घोड नदीवर डिंभे धरण झाले, तेव्हा ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले, ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. त्या गावाने जे दिले ते कोणत्याही पोढीच्या दात्याहून कमी नव्हते. धरणाच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव झळकते. आराखडा करणाऱ्या अभियंत्याचे, रात्री दरवाजे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे आणि ज्यांची घरे बुडाली त्या गावाचे नाव तेथे का असू नये? 15 सप्टेंबरला एका प्रतिमेला हार घालून आपले ऋण फिटत नाही.

अभियंता दिन साजरा करणाऱ्यांस म्हणून आमची तीन कामांची सूचना आहे. प्रत्येक धरणावर त्याचे कर्ते आणि त्यासाठी विस्थापित झालेली गावे यांची नावे कोरावीत. आपल्या तरुण अभियंत्यांना परदेशातील कामे पाहण्यास पाठवावे आणि येथील फड पद्धतीसारखे शहाणपण परदेशी अभ्यासकांपुढे तितक्याच अभिमानाने मांडावे. आणि कुकडीच्या शेवटच्या चारीवरील शेतकऱ्याला त्याच्या पाळीचे पाणी ठरल्या दिवशी द्यावे. त्याच्या शेतात पाणी वेळेवर पोहोचले, तर विश्वेश्वरय्यांचे त्याहून चांगले स्मारक बांधावे लागणार नाही.