पेट्रार्कची चढण

मुलांनो, पेट्रार्क हा इटलीचा थोर कवी. त्याचा जन्म १३०४ साली झाला. लहानपणीच तो फ्रान्समध्ये आला. तेथील व्हाँतू पर्वत त्याला नेहमी खुणावत असे. २६ एप्रिल १३३६ रोजी तो धाकट्या भावासह चढू लागला. शिखर सुमारे १९०० मीटर उंच! एका म्हाताऱ्या मेंढपाळाने त्यांना परत फिरण्यास सांगितले. पण दोघांनी ऐकले नाही. भाऊ सरळ चढणीने गेला. पेट्रार्क मात्र सोपी वाट शोधत पुन्हा पुन्हा खाली उतरला आणि अधिकच थकला. अखेर त्याने कठीण चढण धरली, तेव्हाच शिखर गाठले. रात्री चांदण्यात तो परतला व त्याने पत्रात सारे लिहिले. १३७४ साली तो वारला. तुम्हीही अवघड धडा टाळून सोपी वाट शोधता का? विचार करा.